चौथी जागा

१

यशोधन देवळात गेला तरी घड्याळ बघतो, पण रेल्वेचं वेळापत्रक मात्र पोथी वाचावी तसं मन लावून वाचतो. संध्याकाळचा चहा झाला की तो डायनिंग टेबलावर मलेशियाचा नकाशा पसरायचा आणि ऋताला शेजारी बसवून बोटानं गाड्या चालवायचा. ऋता आमची मुलगी, आठ वर्षांची. तिचा एक डोळा टीव्हीवर असायचा, पण बापाचं मन राखायला ती मधूनमधून "देन?" म्हणायची. मी ओट्याशी भाजी चिरत दोघांकडे बघायचे. सिंगापुरातल्या, आंग मो किओतल्या आमच्या फ्लॅटमध्ये यापेक्षा वेगळं सुख मागावं असं मला कधी वाटलं नाही.

२००६ सालच्या जूनची सुट्टी लागली आणि त्यानं रेल पास आणले. मलेशियाच्या रेल्वेचे, परदेशी प्रवाशांसाठी काढलेले. सिंगापूरला चढा, थेट थायलंडच्या वेशीपर्यंत हवं तिथं उतरा, पुन्हा चढा. वेशीपलीकडे हाट याईपर्यंत मात्र वेगळं तिकीट.

"विमानानं दीड तासात पोचतो रे माणूस," मी म्हणाले.

"विमानानं देश वगळले जातात, क्षिप्रा. ओलांडायचे असतील तर गाडीच पाहिजे."

हे वाक्य मला फार आवडलं. नवऱ्याची काही वाक्यं आवडतात, पण ती त्याला सांगायची नसतात, नाहीतर तो ती पाहुण्यांसमोर पुन्हा म्हणतो.

मी बँकेत सेटलमेंटचं काम बघायचे. इकडचा आकडा तिकडच्या आकड्याशी जुळतो का ते पाहायचं आणि जुळत नसेल तर का ते शोधायचं. दिवसभर हे केल्यावर घरासाठी उरायचं काय? ऋताची वेणी मी सकाळी लिफ्टची वाट बघत घालायचे आणि ती शाळेच्या फाटकापाशी सुटायची. पोरीनं कधी तक्रार केली नाही. या सुट्टीत मला तिच्याजवळ नुसतं बसायचं होतं. तिनं माझ्याकडे बघावं आणि मला घाई नसावी, एवढीच माझी या प्रवासाकडून अपेक्षा होती.

निघायच्या आदल्या दिवशी साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला. यशोधननं स्पीकर लावला.

"कोण कोण निघालात?"

"आम्ही तिघं, आई."

"तिघंच? अरे, तिघांनी निघू नये प्रवासाला. तीन तिघाडा काम बिघाडा. क्षिप्रा, बरोबर एक सुपारी घे गं. चौथं माणूस म्हणून घे. नुसती पिशवीत टाकू नकोस."

"घेते, आई." सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा सुपारी हलकी.

"आणि परत आलात की ती दाराबाहेरच ठेवायची. चौथ्याला घरात आणायचं नसतं."

ऋताचे कान टवकारले. "आजी, देन द फोर्थ वन व्हेअर टू स्लीप?"

"बाहेर, बाळा. आणि त्याच्याशी बोलायचं नाही हं. लळा लागतो."

"सो पुअर थिंग, लाह," ऋता म्हणाली आणि खरंच तिचं तोंड उतरलं.

गणपतीच्या पूजेतली एक सुपारी देव्हाऱ्याच्या खणात उरली होती. ती मी जीन्सच्या खिशात टाकली.

२

तांजोंग पागारचं स्टेशन मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं सिंगापुरात राहून पाहिलं नाही याची लाज वाटावी असं ते होतं. उंचच उंच छत, भिंतींवर भाताची शेतं, रबराची झाडं आणि जहाजांची मोठाली चित्रं, आणि या सगळ्याखाली धूळ, रस्सा आणि जुन्या लाकडाचा वास. बाहेरच्या शहरात प्रत्येक गोष्ट पुसून लखलखीत केलेली, आणि इथे वेळेनं चप्पल काढून पाय पसरले होते. मी मान वर करून बघतच राहिले. यशोधन माझ्याकडे बघत होता, जणू छत त्यानंच बांधलंय.

"आता गंमत बघ," तो म्हणाला. "जमीन सिंगापूरची, स्टेशन मलेशियाचं. मलेशियात शिरायची तपासणी इथे होते. सिंगापूरमधून बाहेर पडायची तपासणी पुढे वूडलँड्सला, गाडीतून उतरून. म्हणजे इथून तिथपर्यंत आपण एका देशात शिरलेले आणि दुसऱ्यातून न निघालेले."

"म्हणजे दोन्हीकडे."

"किंवा कुठेच नाही," तो खूष होऊन म्हणाला.

गाडीला वेळ होता. फलाटाजवळच्या टपरीत मी दोन 'ते तारिक', म्हणजे तिकडचा फेसाळ दुधाचा चहा, आणि ऋतासाठी एक चॉकलेटी मायलो सांगितला. टपरीवाले तमिळ काका थाळीत तीन चहा आणि एक मायलो घेऊन आले.

"अंकल, ओन्ली टू टी."

"फोर पीपल, मॅडम." त्यांनी हनुवटीनं बाकाकडे खूण केली. बाकावर यशोधन आणि ऋता होती, आणि मध्ये आमच्या बॅगा. "युअर सिस्टर डोन्ट वॉन्ट, अह?"

बॅगेवर माझी निळी ओढणी पडली होती. लांबून बघितलं तर कोणी बसलंय असं वाटलं असतं. मी हसले, तिन्ही चहा ठेवून घेतले. सुपारीचा पहिला चहा, असं ऋताला सांगितलं. ती इतकी हसली की मायलो नाकातून बाहेर आला.

निघताना तिन्ही ग्लास रिकामे होते. मला वाटलं यशोधननं दोन घेतले. वूडलँड्सला त्यानं मला विचारलं, "तू दोन चहा प्यायलीस? तुला पित्त होतं ना?"

३

वूडलँड्सची तपासणी उरकून आम्ही पुन्हा गाडीत चढलो. डब्याच्या टोकाला समोरासमोरच्या चार जागा आम्हाला मिळाल्या. ऋता आणि यशोधन एकीकडे, मी त्यांच्यासमोर, माझ्या शेजारची खिडकीची जागा रिकामी. ती कोणाला दिलेली नव्हती. मी ओढणीची घडी करून त्या जागेवर ठेवली, खिशातली सुपारी तिच्यावर ठेवली आणि पूजेत म्हणतात तशा आदरानं म्हणाले, "या, बसा. संकोच करू नका."

ऋता टाळ्या पिटायला लागली. यशोधन म्हणाला, "आईला फोटो पाठवू या." पण पाठवला नाही.

पूल मागे गेला, जोहोर मागे गेलं आणि मग पामच्या झाडांच्या रांगा सुरू झाल्या, कोणीतरी कंगव्यानं भांग पाडावा तशा. तिकीट तपासणारे आले. त्यांनी आमचे तीन पास बघितले, आम्हाला बघितलं, ओठातल्या ओठात मोजलं. "अंपात," ते म्हणाले. मलायमध्ये चार. मी तीन बोटं दाखवली. त्यांनी माझ्या शेजारी नजर टाकली, टोपीला हात लावला आणि अदबीनं पुढे गेले.

आता हे बघा, मी आकडे जुळवून पोट भरणारी बाई. तीनचे चार कसे होतात याची मला चार कारणं लगेच सुचली. चार जागा, चार पिशव्या, ओढणी, आणि तपासनीसांची सवय. कारणं चांगली होती, मला पटली. गाडी लागू नये म्हणून मी गोळी घेतली होती, तिनं डोळे जड केले आणि मी झोपले.

जागी झाले तेव्हा ऋता माझ्यासमोर पाठ करून बसली होती आणि तिच्या पाठीवर पाचपेडी वेणी होती. नुसती पाचपेडी नाही. इतकी घट्ट, इतकी सारखी की एकही केस इकडचा तिकडे नाही. टोकाला रबर नव्हतं, केसांचीच गाठ होती. मी ती हातात घेऊन बघितली. अशी वेणी मी कुणाच्याही डोक्यावर पाहिली नव्हती.

"आई, यू नेव्हर डू लाइक दॅट बिफोर," ऋता म्हणाली. "व्हेरी नाइस, लाह."

यशोधननं पुस्तकातून मान वर केली. "खरंच गं. कधी शिकलीस?"

पोरगी इतक्या मायेनं बघत होती की माझ्या तोंडून 'नाही' निघालं नाही. "आवडली ना?" एवढंच मी म्हणाले. गोळीच्या गुंगीत घातली असेल, असं मनाला सांगितलं. बोटांना खोबरेल तेलाचा वास येतो का म्हणून हुंगून बघितलं. वेणीला येत होता. बोटांना नव्हता. आमच्या सामानात खोबरेल तेल नव्हतंच.

४

पुढचे दिवस सुखाचे गेले. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत लोक भ्यायलेले असतात. आम्ही भ्यायलेलो नव्हतो. पेनांगच्या हॉटेलात सकाळी उठावं तर कपड्यांच्या घड्या तयार, कडा अशा जुळलेल्या की मोडवत नसत. पाण्याच्या बाटल्या भरलेल्या. पपनसासारखा पोमेलो सोलून, फोडींवरची पांढरी साल काढून, झाकून ठेवलेला. यशोधनच्या शर्टाचं निघालेलं बटण लावलेलं. यशोधनला वाटायचं मी केलं. मला वाटायचं यशोधननं केलं असेल. मग वाटेनासं झालं.

मी स्तुती करण्यात कंजूष आहे, ऑफिसात तशी माझी ख्यातीच आहे. पण हे काम पहिल्या नंबरचं होतं. करणाऱ्याला घाई नव्हती, कुणी शाबासकी द्यावी अशी अपेक्षा नव्हती. माझं घरात जे जे करायचं राहून गेलं होतं, ते कुणीतरी एकेक करून उचलत होतं. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, असं सासूबाई उठताबसता म्हणतात. मला तेव्हा ते आठवायला हवं होतं.

बटरवर्थहून हाट याईच्या गाडीत यशोधन मला म्हणाला, "तू या प्रवासात वेगळीच झालीयस, क्षिप्रा."

"वेगळी म्हणजे?"

"शांत. घरी पण अशीच राहा ना." त्यानं हे प्रेमानं म्हटलं. ते म्हणताना तो माझ्या शेजारच्या खिडकीकडे बघत होता.

त्या दुपारी मी गोळी घेतली नाही. गुंगी आल्यासारखं दाखवून डोळे मिटले आणि पापण्यांच्या फटीतून बघत राहिले. पंखा गरगरत होता. यशोधन खरोखर झोपला होता. बराच वेळ काही झालं नाही आणि माझं मलाच हसू आलं. मग ऋता उठली, माझ्या गुडघ्यांना वळसा घालून गेली आणि खिडकीच्या जागेकडे पाठ करून खाली बसली. तिनं आपणहून मान थोडी मागे टाकली. आठ वर्षांत माझ्यापुढे तिनं अशी मान टाकली नव्हती. माझ्यापुढे ती ताठ उभी राहायची, केव्हा संपतंय याची वाट बघत.

कंगव्याचा आवाज आला. केसांतून सावकाश फिरणाऱ्या, कुठेही न अडणाऱ्या कंगव्याचा.

मान वळवली असती तर सगळं दिसलं असतं. मी मान वळवली नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला फक्त हात दिसले, मनगटापर्यंत. पेड उचलणारी, खालून घेणारी, वरून सोडणारी बोटं. हातांवर माझ्या निळ्या कुडत्याच्या बाह्या होत्या. तो कुडता वरच्या फळीवर, बॅगेत तळाशी होता. बाह्यांना इस्त्री होती, ती मी कधीच करत नसे.

ऋतानं डोळे मिटले होते. ती गुणगुणत होती.

मी तेव्हा ओरडायला हवं होतं, यशोधनला हलवून जागं करायला हवं होतं. पण वेणी अर्धी झाली होती. इतकी सुंदर चाललेली वेणी अर्धी सुटली तर ऋता रडेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. म्हणून मी वेणी पुरी होऊ दिली.

५

परतीच्या गाडीत बटरवर्थला बसलो तेव्हा पुन्हा समोरासमोरच्या चार जागा मिळाल्या. यशोधननं बॅगा वर टाकल्या. ऋता उडी मारून खिडकीच्या जागेसमोर बसली. मी माझ्या जागी बसले. खिडकीची जागा मी या वेळी ओढणीनं सजवली नाही. ओढणी बॅगेतच होती, मी स्वतः ठेवली होती.

इपोहनंतर डब्यात नासी लमाक विकणारी बाई आली. केळीच्या पानातल्या पुड्या, आत नारळाच्या दुधातला भात.

"बरापा?" तिनं यशोधनला विचारलं. किती?

"थ्री," यशोधन म्हणाला.

मला हायसं वाटलं. तीन. शेवटी आकडा जुळला. मी हात पुढे केला. यशोधननं एक पुडी ऋताला दिली, एक स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि तिसरी माझ्या हातावरून, हाताला न लावता, खिडकीकडे दिली.

"तिखट कमी आहे का बघ आधी," तो तिकडे म्हणाला. मला तो कधी असं विचारत नसे. मी कधी थांबून उत्तर दिलं नसतं.

पुडी उलगडल्याचा आवाज आला.

मी खिशात हात घातला. दर वेळी गाडीतून उतरताना मी सुपारी परत खिशात टाकत असे, पण आता ती तिथे नव्हती. दुसरा खिसा बघितला. पर्स उलटी केली, सीटच्या फटीत बोटं घातली, खाली वाकून पायांमध्ये शोधलं. कोणी पाय उचलले नाहीत. सुपारी कुठेच नव्हती, आणि मी मात्र होते.

"यशोधन," मी म्हणाले. "यशोधन, गंमत पुरे झाली हं."

तो पामच्या झाडांकडे बघत घास चावत होता. त्याच्या कपाळावर आठी नव्हती. माझ्याशी बोलताना त्याच्या कपाळावर एक बारीकशी आठी असते, तिची मला इतकी सवय होती की ती नाही हे मला लगेच दिसलं.

"ऋता. बाळा, इकडे बघ. आईकडे बघ."

ऋतानं बघितलं. अगदी सरळ माझ्याकडे बघितलं, यात काडीची शंका नाही. तिचे डोळे भरले. मग तिनं खिडकीकडे चोरटी नजर टाकली, पुढे झुकली आणि इतक्या हळू बोलली की चाकांच्या आवाजात ते जवळजवळ बुडून गेलं.

"आजी सेड कान्ट टॉक टू द फोर्थ वन."

६

माणूस किती वेळ हट्टानं आपलं डोकं ठिकाणावर आहे असं धरून चालतो, याचं मला आता कौतुक वाटतं. क्वालालंपूरहून पुढे अख्खी दुपार मी पुरावे गोळा करत बसले. मला भूक लागली होती, म्हणजे मी होते. खिडकीच्या काचेला हात लावला तर काच गार लागत होती. समोरच्या रांगेतल्या बाईचं बाळ माझ्याकडे बघून हसलं. पण बाळं कशाकडेही बघून हसतात.

मला एक भरवशाची जागा माहीत होती. सिंगापूरची सीमा. जगात कुठे माणूस मोजायला चुकलं तर चुकलं, तिथे चुकत नाही. तिथे माझा पासपोर्ट कुणीतरी उघडेल, फोटोकडे बघेल, माझ्याकडे बघेल आणि शिक्का मारेल. मग यशोधनला बघावंच लागेल. मी मनातल्या मनात त्या अधिकाऱ्याचे आभारसुद्धा मानून टाकले.

वूडलँड्सला सगळे सामान घेऊन उतरले. तिन्ही पासपोर्ट नेहमीप्रमाणे यशोधनकडे. तो रांगेत पुढे, ऋता त्याचं बोट धरून, आणि ऋताच्या दुसऱ्या हाताचं बोट धरून कोणीतरी. मध्ये बॅगा, ट्रॉल्या, माणसं. मला पाठ दिसली, निळा कुडता दिसला. मला वाटलं होतं ती माझ्यासारखीच असेल. माझ्यासारखी होतीच, पण ती मान उंच करून उभी होती आणि तिचे खांदे पडलेले नव्हते. माझ्या लग्नातल्या फोटोत माझे खांदे तसे आहेत.

काउंटरवरच्या बाईंनी तीन पासपोर्ट घेतले. तीन चेहरे बघितले, एकेक करून, नीट. तिसऱ्याला त्या काहीतरी म्हणाल्या, आणि तिसरी हसली. ते हसू माझंच होतं, फक्त मोकळं. तीन शिक्के पडले.

मी धावले. रांग सोडून, पिवळी रेघ ओलांडून, काउंटरसमोर उभी राहिले. "एक्स्क्यूज मी! दॅट्स माय पासपोर्ट! ते माझे आहेत, माझे!" या देशात रस्त्यात कागदाचा कपटा टाकला तरी कोणीतरी येऊन विचारतं. मी सीमेवर ओरडत होते आणि कोणी मान वर केली नाही. पुढच्या माणसानं माझ्या बाजूनं हात घालून आपला पासपोर्ट काउंटरवर ठेवला.

मी चालत पलीकडे गेले. कोणी अडवलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

७

तांजोंग पागारहून टॅक्सी केली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. कोणी बस म्हटलं नाही, कोणी नको म्हटलं नाही. मागे ऋता झोपेला आली होती आणि कोणीतरी तिला थोपटत होतं. थोपटण्याचा ताल बरोबर होता. मी थोपटताना माझा हात घड्याळाच्या काट्यासारखा चालतो, ऋता लहानपणी त्यानं दचकून जागी व्हायची.

मी मनाशी ठरवलं होतं की घरात शिरायचंच. घर माझं, ओटा माझा. एकदा आत गेले की मग बघू.

लिफ्ट, कॉरिडॉर, आमचं लोखंडी जाळीचं दार, बाजूला चपलांचा रॅक. यशोधननं कुलूप काढलं. ती आत गेली. जाताना चपला काढून रॅकवर टाचेला टाच लावून ठेवल्या. यशोधन आत गेला. मी उंबऱ्यापाशी आले.

"ऋता, थांब. आजीनं काय सांगितलंय?" यशोधन आतून म्हणाला. "चौथ्याला घरात आणायचं नाही ना? बाहेर ठेव."

माझा पाय उचलला गेला नाही. मी रेटून बघितलं. उंबरा इंचभर उंचीचा आहे, ऋता रांगायला लागली तेव्हा ती तो पहिल्याच दिवशी ओलांडून गेली होती.

ऋता जाळीच्या आत उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग मागे बघितलं, मग पटकन वाकून प्रवासातला उरलेला मायलोचा डबा जाळीतून बाहेर सरकवला. ओठ हलले. आवाज आला नाही, पण काय म्हणाली ते मला कळलं. सो पुअर थिंग. मग दार लागलं.

शहाणी आहे माझी पोर. मोठ्यांचं ऐकते, आणि तरी तिचं मन मऊ आहे. हे तिला कोणी शिकवलं, मला माहीत नाही. मी शिकवलं असेल अशी मला आशा आहे.

८

इथे कॉरिडॉरमध्ये उभं राहिलं की घरातलं सगळं ऐकू येतं. कुकरच्या शिट्ट्या मोजून होतात. कोणी कोणावर खेकसत नाही. यशोधन पूर्वीपेक्षा जास्त हसतो. सकाळी ऋता बाहेर येते ती वेळेवर, डबा घेऊन, आणि पाठीवर वेणी. पाचपेडी, कधी सहापेडी, एकदा तर घरातल्या त्या बाईनं गजऱ्यासारखी गोल घातलेली होती. मी बघतच राहिले. दुपारी परत येते तेव्हाही वेणी जशीच्या तशी असते. आयत्या बिळावर नागोबा म्हणून मी त्या बाईला पहिले काही दिवस शिव्या घातल्या. पण डोळ्यांनी दिसतं ते नाकारायचं कसं? संसार असा करावा. मी तो करत होते तेव्हा मला वाटायचं की यापेक्षा बरा होऊच शकत नाही.

शेजारच्या चिनी आजी त्यांच्या पंचांगाच्या सातव्या महिन्यात, म्हणजे भटक्या आत्म्यांच्या महिन्यात, दाराबाहेर संत्री ठेवतात. या वेळी त्यांनी त्यातलं एक उचलून आमच्या रॅकपाशी ठेवलं आणि हात जोडले. त्यांना काय दिसलं कोण जाणे.

परवा यशोधन फोनवर बोलत होता. दार उघडं होतं.

"हो, आई, पुढच्या जूनमध्ये. या वेळी थेट बँकॉकपर्यंत... नाही, कोण येणार, तिघंच... अगं हो, लक्षात आहे. सुपारी आहे ना, इथेच दाराबाहेर ठेवलीय. तीच नेऊ."

तेव्हापासून माझ्या जिवात जीव आला आहे. समोरासमोरच्या चार जागा असतील. त्यातली एक खिडकीची, कुणालाही न दिलेली. कोणीतरी गमतीनं म्हणेल, या, बसा. गाडी पुलावरून जाईल, आणि तिला कधीतरी झोप येईलच. तीही आता दिवसभर राबते.

तोवर मी शिकते आहे. घरातले सगळे बाहेर पडेपर्यंत आणि परत आल्यावर, रॅकवरच्या बुटांच्या नाड्या घेऊन मी पाचपेडी घालते. पहिली एक उजवीकडून, खालून, मग वरून. सुरुवातीला नुसता गुंता व्हायचा. सकाळी ऋता नाड्या सोडवताना वैतागायची, मग सोडवता सोडवता थांबायची आणि तिरक्या नजरेनं रॅकच्या बाजूला बघायची.

काल तिनं नाडी सोडवली नाही. खाली बसून तिनं माझी वेणी नीट बघितली आणि मधल्या एका पेडावर बोट ठेवलं. तिथे मी वरून घ्यायचा तो खालून घेतला होता. बोलली काहीच नाही, आजीचं ऐकते ती. शाळेची बस यायची होती, तरी ती मला चूक दिसेपर्यंत तिथे बोट ठेवून बसली.

आज ती चूक मी सुधारली. जूनपर्यंत जमेल.